बुसीचा हिशेब

इ. स. १७६० च्या प्रारंभी अवघ्या बारा दिवसांच्या अंतराने दक्षिण हिंदुस्थानात दोन लढाया झाल्या. २२ जानेवारीस वांदिवाश येथे इंग्रज सेनापती कूट याने फ्रेंच सेनापती लाली याचा पराभव केला आणि त्याच रणांगणावर शार्ल द बुसी इंग्रजांच्या हाती सापडला. ३ फेब्रुवारीस उदगीर व औसा यांच्या दरम्यानच्या टापूत सदाशिवराव भाऊने निजामाच्या फौजेचा मोड केला. हा टापू आज लातूर जिल्ह्यात मोडतो. १९८२ मध्ये जिल्ह्याचे विभाजन होण्यापूर्वी तो उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात समाविष्ट होता. या दोन घटनांची सांगड घालून एक अनुमान फार पूर्वीपासून काढले जाते. बुसी निजामाच्या दरबारी असता तर उदगीरचा प्रसंग ओढवला नसता, आणि लालीने त्याला परत बोलाविले नसते तर दक्षिणेच्या इतिहासाने निराळेच वळण घेतले असते, असे ते अनुमान होय. बुसीच्या कैवाऱ्यांनी हा विचार पॅरिसमध्ये मांडला. पुढे १८६८ मध्ये फ्रेंचांच्या हिंदुस्थानातील इतिहासावर लिहिणाऱ्या मॅलिसनने डुप्ले व बुसी यांची थोरवी वर्णिताना सर्व दोष लालीच्या पदरी टाकला. आणि मराठी लेखनातही हा सूर अधूनमधून ऐकू येतो.

प्रस्तुत लेखात या अनुमानाची तपासणी करावयाची आहे. बुसी कर्तबगार होता की नाही हा वादाचा मुद्दाच नव्हे. त्याची कर्तबगारी त्याच्या शत्रूंनीही मान्य केली आहे. परंतु ज्या पायावर त्याने आपली सत्ता उभी केली तो पाया कोणता होता, हे पाहिल्यावाचून त्याच्या अनुपस्थितीचे मोल ठरविता येत नाही. तो पाया म्हणजे फौजेचा पगार. बुसीच्या कारकीर्दीतील यश, तिच्यावरील आक्षेप, निवृत्तीनंतर त्याने मायदेशी लढविलेला वाद, इतकेच नव्हे तर त्याच्या पश्चात या प्रदेशाच्या वाट्याला आलेली व्यवस्था, या सर्वांचा उलगडा त्या एका प्रश्नाशी येऊन थांबतो.

बुसीचा जन्म फ्रान्समध्ये १७२० च्या सुमारास झाला. पाँडिचेरीचा गव्हर्नर डुप्ले याच्या हाताखाली त्याचा उदय झाला तो लष्करी अधिकारी म्हणून. सप्टेंबर १७५० मध्ये त्याने रात्रीच्या हल्ल्यात जिंजीचा किल्ला काबीज केला. ज्या जिंजीने राजारामाच्या काळी मोगलांना वर्षानुवर्षे झुंजविले, ती एका रात्रीत पडली याचा परिणाम दक्षिणेतील दरबारांवर फार झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नासिरजंग मारला गेला आणि फ्रेंचांच्या पाठबळावर मुजफ्फरजंग सुभेदार झाला. जानेवारी १७५१ मध्ये त्याच्याबरोबर बुसी निघाला तेव्हा त्याच्यापाशी ३०० फ्रेंच व २,००० शिपाई होते. वाटेतच फेब्रुवारीत पठाण नवाबांशी झालेल्या चकमकीत मुजफ्फरजंग ठार झाला. सुभेदार मेला की त्याच्या नावाने चाललेली फौज पांगावयाची, हा त्या काळचा शिरस्ता. बुसीने तसे होऊ दिले नाही. छावणीत नजरकैदेत असलेल्या निजामुल्मुल्काच्या मुलांपैकी सलाबतजंग याला त्याने जागच्या जागी मसनदीवर बसविले आणि जूनमध्ये त्याला औरंगाबादेस आणून पोहोचविले. लष्करी अधिकारी म्हणून आलेला हा मनुष्य या घटकेपासून मुत्सद्दी झाला. पुढील सात वर्षे निजामाच्या दरबारी फ्रेंचांचा वकील, सल्लागार आणि संरक्षक अशा तिहेरी नात्याने तो वावरला.

मराठी कागदपत्रांत त्याचा उल्लेख ‘मुसा बुसी’ असा येतो. ‘मॉस्यू’ या फ्रेंच संबोधनाचा ‘मुसा’ झाला, हे उघड आहे. पण ते नावाचेच अंग मानले गेले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. राजवाड्यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या पहिल्या खंडात १७५० ते १७६१ या काळाचा पत्रव्यवहार आहे. या काळाचा अभ्यास करणाऱ्याने ऑर्मचा इंग्रजी वृत्तांत वा मार्तिनोचे फ्रेंच चरित्र उघडण्यापूर्वी तो वाचावा, असे आम्हांस वाटते. युरोपी ग्रंथांत बुसी हा नाटकाचा नायक असतो. पेशव्यांच्या दृष्टीने तो निजामाच्या पटावरील एक प्यादे होता, मात्र तोफा बाळगणारे प्यादे.

त्या तोफांचा अनुभव मराठ्यांना लौकरच आला. १७५१ च्या अखेरीस सलाबतजंगाची स्वारी अहमदनगरच्या मार्गाने पुण्याच्या रोखाने निघाली. कुकडीच्या काठी चंद्रग्रहणाच्या रात्री, मराठी लष्कर स्नानदानात गुंतले असता, बुसीने अचानक छापा घातला आणि नानासाहेब पेशव्यांस घाईने तळ सोडावा लागला. या छाप्याची तारीख निरनिराळ्या ग्रंथांत निरनिराळी आढळते. याचे एक कारण असे की इंग्रज अद्याप जुनी कालगणना पाळीत होते व फ्रेंच नवी; दोहोंत अकरा दिवसांचे अंतर होते. विद्यार्थ्यांनी दोन्ही पक्षांच्या तारखा एका कोष्टकात भरण्यापूर्वी ही गोष्ट लक्षात ठेवावी. छाप्याचा गवगवा पुष्कळ झाला, परंतु फलित अल्प. मराठी घोडदळाने रसद तोडण्याचा आपला नित्याचा उद्योग चालू ठेवला आणि जानेवारी १७५२ मध्ये निजामाने तह केला. तह का करावा लागला? तोफा निकामी झाल्या नव्हत्या आणि बुसीची कवायती पलटणही शाबूत होती. निजामाच्या स्वतःच्या फौजेचा पगार तुंबला होता, हे त्याचे मुख्य कारण.

हा पगार म्हणजे पोकळ शब्द नव्हता, हे थोड्याच दिवसांत सिद्ध झाले. सलाबतजंगाचा दिवाण राजा रघुनाथदास हा फ्रेंचांचा पक्षपाती. एप्रिल १७५२ मध्ये भालकी येथे थकलेल्या पगारासाठी खवळलेल्या शिपायांनी त्याला ठार केले. त्याच साली निजामुल्मुल्काचा वडील मुलगा गाजीउद्दीन बादशाही सनद घेऊन औरंगाबादेस आला आणि ऑक्टोबरात विषप्रयोगाने मरण पावला. तरीही त्याने पेशव्यांना देऊ केलेला मुलूख सलाबतजंगाला नोव्हेंबरच्या भालकीच्या तहात सोडावाच लागला. वऱ्हाडचा पश्चिम भाग, खानदेश व बागलाण हे प्रांत बुसी दरबारात हजर असताना मराठ्यांकडे गेले. बुसी असता तर मुलूख गेला नसता, असे म्हणणाऱ्यांनी प्रथम भालकीचा विचार करणे अवश्य आहे. भालकी उदगीरपासून दूर नाही, आणि त्या तहावेळी फ्रेंच पलटण निजामाच्या चाकरीत होती.

१७५३ च्या आरंभी बुसी आजारी पडून मच्छलीपट्टणास गेला. त्याच्या गैरहजेरीत दिवाण सय्यद लष्करखान याने फ्रेंच पलटणीचा पगार रोखला आणि वसुलीच्या मिषाने तिच्या तुकड्या निरनिराळ्या ठिकाणी पांगविल्या. शस्त्र न उचलता फौज मोडण्याचा हा सोपा मार्ग होता. बुसी तातडीने परतला आणि नोव्हेंबर १७५३ मध्ये औरंगाबादेस त्याने सलाबतजंगाकडून मुस्तफानगर, एलोर, राजमहेंद्री व श्रीकाकुळ हे चार सरकार, म्हणजे पूर्व किनाऱ्यावरील विस्तृत मुलूख, फ्रेंच पलटणीच्या खर्चासाठी लावून घेतले. येथून पुढे पगार दिवाणाच्या मर्जीवर अवलंबून राहिला नाही. ज्या मुलुखातून तो यावयाचा तो मुलूखच पलटणीच्या धन्याच्या ताब्यात आला.

बुसीच्या एकंदर कारकीर्दीतील ही सर्वांत महत्त्वाची घटना, असे आमचे मत आहे. जिंजीपेक्षा आणि कुकडीच्या छाप्यापेक्षा तिचे महत्त्व अधिक. वरकरणी तीत नवीन काही नव्हते. फौजेच्या खर्चासाठी मुलूख लावून देण्याची चाल मोगलांत जागिरीच्या रूपाने आणि मराठ्यांत सरंजामाच्या रूपाने रूढच होती. बुसीने दरबारी भाषेतच मागणी केली आणि दरबाराने ती दरबारी रीतीनेच मान्य केली. परंतु जागीरदार मरतो, त्याची बदली होते, जागीर जप्त होते. सरंजामदारास हुजुरात हजर राहावे लागते. येथे जागीर मिळाली ती समुद्रापलीकडील एका कंपनीला. ती मरत नाही, तिची बदली होत नाही, आणि तिच्या हिशेबाची तपासणी करावयास निजामाचा दप्तरदार जाऊ शकत नाही. जुन्या शब्दाआड नवीन वस्तू आली, आणि ती आली हे त्या वेळी औरंगाबादेत फार थोड्यांना उमगले असावे.

या मुलुखाची वसुली कशी झाली हेही सांगितले पाहिजे, कारण बुसीचे चरित्रकार तिकडे घाईने पाहतात. बुसीने श्रीकाकुळ व राजमहेंद्री या सरकारांच्या वसुलीचा मक्ता विजयनगरमच्या विजयराम राजास दिला. या राजाचे बोब्बिलीच्या रंगारावाशी जुने वैर होते. जानेवारी १७५७ मध्ये बुसीच्या तोफा बोब्बिलीच्या गढीवर चालल्या. तट ढासळू लागला तेव्हा आतील लोकांनी आपल्या स्त्रियांना व मुलांना स्वहस्ते मारिले आणि ते लढून मेले. विजयराम राजाचाही थोड्याच दिवसांत बोब्बिलीच्या माणसांनी त्याच्या तंबूत खून केला. तेलुगू लोकगाथेत ही घटना अद्याप जिवंत आहे. फौजेला पगार वेळेवर मिळावा म्हणून जी व्यवस्था केली तिची किंमत कोणी मोजली, हे बोब्बिलीवरून कळते.

दरम्यान फ्रान्समध्ये वारे फिरले होते. १७५४ मध्ये डुप्ले परत बोलाविला गेला आणि गोदेहूने इंग्रजांशी समेट केला. डुप्लेचे धोरण टाकून देण्यास निघालेल्या गोदेहूनेही बुसीला मात्र हलविले नाही. हैदराबादेत नवा दिवाण शाहनवाजखान हा विद्वान पुरुष, ‘मआसिरुल् उमरा’ या प्रसिद्ध चरित्रकोशाचा कर्ता. परकीय पलटण राज्याला बांडगुळासारखी चिकटली आहे, ही त्याची भावना खरी होती. ती केवळ वैयक्तिक हेव्यातून निघाली असे फ्रेंच लेखकांनी रंगविले आहे ते न्याय्य नव्हे. त्याला संधी मिळाली ती १७५६ च्या सावनूरच्या मोहिमेत. पेशवे व निजाम यांनी मिळून सावनूरच्या नवाबाला वेढा घातला होता आणि नवाबाच्या बाजूस मुरारराव घोरपडे होता. ऑर्मने दिलेल्या हकीकतीप्रमाणे, कर्नाटकातील चाकरीबद्दल मुराररावाचे फ्रेंच कंपनीकडे मोठे येणे होते व त्याचा रोखा त्याच्यापाशी होता. बुसीने तहाची मध्यस्थी करून तो रोखा मागे घेतला. पैशाच्या लोभाने फ्रेंचांनी निजामाचे हित विकले, असा बोभाटा शाहनवाजखानाने केला आणि मे महिन्यात बुसीला बडतर्फीचा हुकूम मिळाला. बुसीच्या मुत्सद्देगिरीवरील हा पहिला मोठा आक्षेप. आणि तोही हिशेबाचाच होता.

बडतर्फ झालेल्या बुसीला आपल्या चाकरीत घेण्याची तयारी पेशव्यांनी दाखविली. ती त्याने आभारपूर्वक नाकारली, किनाऱ्याकडे निघाल्याचा देखावा केला, आणि हैदराबादेस येऊन चार महाल या बागवाड्यात मोर्चे बांधून ठाण मांडले. निजामाने इंग्रजांकडे मदत मागितली, परंतु जूनमध्ये कलकत्ता गमावल्याने मद्रासच्या इंग्रजांना बंगालकडे धाव घ्यावी लागली. ऑगस्टमध्ये लॉच्या हाताखालील कुमक बुसीला येऊन मिळाली आणि सलाबतजंगाने त्याला पुन्हा पूर्वपदी घेतले. हैदराबादेतील हे दिवस बुसीच्या धैर्याची साक्ष देतात, यात संशय नाही. परंतु स्वामीच्या राजधानीत स्वामीविरुद्धच तोफा रोखून जो सेवक टिकतो, त्याला सेवक म्हणावे की काय, हा प्रश्न शाहनवाजखानाच्या मनात आला असल्यास नवल नाही.

पुढील वर्षी बुसी किनाऱ्यावर गुंतला असता पेशव्यांनी निजामावर चाल केली. डिसेंबर १७५७ मध्ये सिंदखेडच्या बाजूस निजामअलीचा कोंडमारा झाला आणि २५ लक्षांचा मुलूख व नळदुर्गचा किल्ला मराठ्यांस देण्याचे ठरले. बोरी नदीचे पाणी अडवून बंधाऱ्याच्या पोटात महाल बांधलेला हा किल्ला आदिलशाही काळापासून सोलापूर व हैदराबाद यांच्या दरम्यानच्या वाटेवर पहारा करीत आला होता. तो तहाच्या कलमात यावा यावरून मराठ्यांची दृष्टी बालाघाटाच्या दक्षिण अंगाकडे वळल्याचे दिसते. बुसी लांबलांब मजला मारीत औरंगाबादेस पोहोचला, दौलताबादचा किल्ला त्याने हस्तगत केला, आणि कारभार पुन्हा हाती घेतला. मात्र हा कारभार तो स्वतः करीत नव्हता. त्याचा दिवाण हैदरजंग हा त्याचे कान, जीभ आणि पुष्कळदा हातही झाला होता. ११ मे १७५८ रोजी निजामअलीने हैदरजंगाचा खून करविला आणि तो बुऱ्हाणपूरकडे निसटला. त्याच दिवशी उसळलेल्या दंगलीत बुसीच्या पक्षाच्या शिपायांनी कैदेत असलेल्या शाहनवाजखानाला ठार केले. बुसीची या वधास संमती होती असे दाखविता येत नाही. परंतु त्याच्या पहाऱ्यातील कैदी त्याच्याच माणसांकडून मारला गेला, ही गोष्ट कोणत्याही चरित्रकाराला पुसून टाकता येणार नाही.

याच सुमारास, म्हणजे २८ एप्रिल १७५८ रोजी, लाली पाँडिचेरीस उतरला होता. इंग्रजांना किनाऱ्यावरून हुसकून लावावयाचे, तर प्रत्येक फ्रेंच शिपाई आपल्यापाशी हवा, हा त्याचा सरळ हिशेब. त्याने बुसीला बोलाविले. बुसीने पत्रातून विनवण्या केल्या, पण हुकूम मानला. सरकारांचा कारभार कॉनफ्लां याच्याकडे आला आणि इंग्रज अधिकारी फोर्ड याने डिसेंबर १७५८ मध्ये कोंडूर येथे त्याचा पराभव केला. एप्रिल १७५९ मध्ये मच्छलीपट्टण पडले. मे महिन्यात सलाबतजंगाने इंग्रजांशी तह करून फ्रेंचांना आपल्या मुलुखात थारा न देण्याचे कबूल केले. सात वर्षांची इमारत दहा महिन्यांत खाली आली. बुसीचे कैवारी म्हणतात, पाहा, खांब काढताच छप्पर कोसळले. परंतु एका माणसाच्या जाण्याने जी व्यवस्था कोसळते ती व्यवस्था होती की त्या माणसाची केवळ छाया, हा प्रश्न त्यांनी विचारलेला नाही.

खरे पाहता सर्वच कोसळले नाही. बुसीने शिकविलेली कवायत, तोफा चालविण्याची विद्या आणि त्या विद्येवर पोट भरणारे लोक मागे राहिले. त्यांना आपल्याकडे ‘गारदी’ म्हणत. शब्द युरोपी ‘गार्ड’वरून आला असे सामान्यतः मानले जाते, पुढे १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांच्या वधाने तो मराठी भाषेत कायमचा काळा झाला. बुसीच्या तालमीत तयार झालेला मुजफ्फरखान कधी निजामाकडे, कधी पेशव्यांकडे, कधी सावनूरकराकडे असा फिरत राहिला आणि १७५९ मध्ये सदाशिवराव भाऊवर मारेकरी घातल्यावरून त्याचा शिरच्छेद झाला. दुसरा इब्राहिमखान. तो बुसीच्या पलटणीतून निजामअलीकडे आणि निजामअलीकडून पेशव्यांकडे आला. जो पगार देईल त्याची चाकरी, हा या लोकांचा धर्म. आणि तो धर्म त्यांना शिकविणारी पलटण स्वतः त्याच तत्त्वावर उभी होती. मात्र इब्राहिमखानाबद्दल इतके म्हणणे न्याय्य होणार नाही. भाऊकडे आल्यावर तो शेवटपर्यंत फिरला नाही. पानिपतावर त्याच्या पलटणी कापल्या गेल्या आणि तो स्वतः शत्रूच्या हाती सापडून मारला गेला.

आता उदगीरकडे पाहावे. १७६० च्या जानेवारीत सलाबतजंग व निजामअली उदगीरहून औशाकडे व तेथून धारूरकडे सरकण्याच्या बेतात होते. तेथे त्यांना आपली दुसरी फौज मिळावयाची होती. मराठ्यांनी चोहोंकडून रसद तोडली. निजामाची फौज तोफांच्या आश्रयाने गोल बांधून चालत होती, आणि अशा गोलावर केवळ घोडदळ घालून भागत नाही हे मराठ्यांना १७५१ पासून माहीत होते. या वेळी त्यांच्याजवळ इब्राहिमखानाच्या तोफा होत्या. ३ फेब्रुवारीस तोफांच्या माऱ्याने खिळखिळ्या झालेल्या पिछाडीवर मराठे तुटून पडले आणि ती बुडाली. तहाने ६० लक्षांचा मुलूख आणि त्याबरोबर अशिरगड, दौलताबाद, बुऱ्हाणपूर, विजापूर व अहमदनगर ही ठाणी पेशव्यांस मिळाली. त्यांपैकी अहमदनगर तर तीन महिन्यांपूर्वीच मराठ्यांच्या ताब्यात आले होते. बुसी उदगीरला नव्हता, हे खरे. परंतु त्याची विद्या तेथे होती, आणि ती विरुद्ध पक्षाकडून लढली. त्या दिवशी तो स्वतः निजामाच्या गोलात असता तरी त्याच्यासमोर त्याचाच शिष्य उभा असता आणि त्याच्यामागे पगार थकलेली फौज असती. यापलीकडे जाऊन लढाईचा निकाल कसा लागला असता हे सांगणे इतिहासकाराचे काम नव्हे.

वांदिवाशला कैद झालेल्या बुसीला कूटने सन्मानाने वागविले आणि तो यथावकाश युरोपास गेला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत आणि १६ जानेवारीस पाँडिचेरीचा पाडाव, अशा दोन बातम्या ज्या वर्षाने दिल्या त्या वर्षापासून बुसी हा निवृत्त मुत्सद्दी झाला आणि सुमारे वीस वर्षे तसाच राहिला. त्याच्याविषयीचे खरे वादंग पेटले ते या काळात, आणि पेटले ते छापील निवेदनांतून. बुसीने दक्षिणेत अफाट संपत्ती मिळविली, कंपनीच्या नावाने स्वतःची तुंबडी भरली, निजामाकडील महत्त्वाचा बाऊ करून आपल्याला फसविले, हा लालीचा आरोप. बुसीने १७६४ मध्ये आपले निवेदन प्रसिद्ध केले. त्यातील मुख्य मुद्दा असा की कंपनीच्या फौजेचा पगार आपण स्वतःच्या पैशातून व स्वतःच्या पतीवर कर्ज काढून भागविला आहे. तेव्हा देणेकरी आपण नसून कंपनीच आहे. ज्याच्यावर पैसे खाल्ल्याचा आरोप तोच पैशाची मागणी करीत न्यायासनापुढे उभा राहिला. त्याचा पूर्वीचा धनी डुप्ले असाच कंपनीकडे येणे मागता मागता १७६३ मध्ये दारिद्र्यात वारला होता. लालीवर राजद्रोहाचा खटला चालून ९ मे १७६६ रोजी पॅरिसमध्ये त्याचा शिरच्छेद झाला. पुढे व्हॉल्टेअरने त्याची बाजू उचलून धरली आणि १७७८ मध्ये तो निवाडा रद्द ठरला. या तिघांत बुसी तेवढा श्रीमंत राहिला व सुखरूप राहिला. त्यामुळेच संशयाचे धुके त्याच्याभोवतीच अधिक दाटले.

यात खरे कोणाचे? आमच्या मते हा प्रश्न ज्या स्वरूपात पॅरिसमध्ये विचारला गेला त्या स्वरूपात त्याचे उत्तर मिळणे शक्यच नव्हते. औरंगाबादेच्या दरबारात नजराणा, बक्षीस, जागीर, कर्ज आणि पगार यांच्या सीमा एकमेकींत मिसळलेल्या होत्या. सलाबतजंगाने दिलेली रक्कम बुसीला दिली, फ्रेंच पलटणीला दिली, की कंपनीला दिली, याचा निर्णय देणाऱ्यानेही केलेला नसे. बुसीने ती आपली म्हणून घेतली आणि पलटणीचा पगार थकला तेव्हा आपली म्हणूनच खर्चिली. दोन्ही पक्षांचे आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात. खोटे होते ते एवढेच, की यात एक कंपनीचा हिशेब व एक बुसीचा हिशेब असे दोन हिशेब होते, हे दोघांनीही गृहीत धरलेले होते. आणि तिसरा, ज्याच्या मुलुखातून हा पैसा निघाला त्या रयतेचा हिशेब, कोणाच्याच निवेदनात आला नाही.

१७८१ मध्ये फ्रेंच सरकारला या वृद्ध माणसाची पुन्हा आठवण झाली. हैदर, निजाम व मराठे यांना एकत्र आणून इंग्रजांना घेरावे, अशी योजना होती. बुसी मार्च १७८३ मध्ये पोर्तो नोव्होस उतरला तेव्हा हैदर तीन महिन्यांपूर्वी मरण पावला होता आणि मराठ्यांनी मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने पोर्तुगीजांखेरीज अन्य युरोपी लोकांना आपल्या मुलुखात वखारी घालू न देण्याचे मान्य केले होते. बुसी ज्या दक्षिणेला ओळखत होता ती राहिली नव्हती. संधिवाताने त्याचे शरीरही राहिले नव्हते. कडलूरच्या तटाआड तो काही आठवडे लढला, तोच युरोपातील तहाची बातमी आली. जानेवारी १७८५ मध्ये पाँडिचेरीस त्याचा अंत झाला. ज्या सलाबतजंगाला त्याने राज्यावर बसविले होते तो त्यापूर्वीच, १७६३ मध्ये, बिदरच्या किल्ल्यात भावाच्या कैदेत मारला गेला होता.

बुसीचे नाव संपले, पण त्याने १७५३ मध्ये बसविलेली युक्ती संपली नाही. चार सरकार फ्रेंचांकडून इंग्रजांकडे गेले आणि १७६६ च्या तहाने निजामअलीने ते त्यांच्याकडेच राहू दिले. निजामाने पुढे रेमों या दुसऱ्या फ्रेंच अधिकाऱ्याकडून मोठी पलटण उभी करून घेतली. तिच्याही खर्चासाठी मुलूख लावून दिलेला होता. रेमों १७९८ मध्ये वारला आणि त्याच साली वेलस्लीने ती पलटण मोडविली. तिच्या जागी इंग्रजांची तैनाती फौज आली आणि १८०० मध्ये तिच्या खर्चापोटी बल्लारी, कडप्पा आदी मुलूख कायमचा इंग्रजांस द्यावा लागला. यांखेरीज ‘कंटिंजंट’ म्हणून ओळखली जाणारी एक निराळी फौज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली वाढत गेली. ती निजामाची म्हणवली जाई, पगार निजामाने द्यावयाचा आणि हुकूम रेसिडेंटचा. पगार थकला की कंपनी उसने देई, आणि उसन्यावर व्याज चढे. १७५३ मध्ये औरंगाबादेस जे घडले तेच शंभर वर्षांनी हैदराबादेस घडले. २१ मे १८५३ रोजी रेसिडेंट लो याने निजामाकडून तह करून घेतला आणि कंटिंजंटच्या पगारासाठी सुमारे ५० लक्ष उत्पन्नाचा मुलूख कंपनीच्या ताब्यात आला. त्यात वऱ्हाड होते, रायचूर दुआब होता, आणि धाराशिव होते.

डलहौसीच्या मुत्सद्द्यांनी बुसीचे कागद वाचून ही कल्पना घेतली असे आम्ही म्हणत नाही. तसा पुरावा नाही आणि त्याची गरजही नाही. ज्या राज्याची फौज दुसऱ्याच्या हाती आणि खजिना रिकामा, त्या राज्याकडून पगार वसूल करण्याचा तोच एक हमखास मार्ग होता, आणि तो मार्ग या सुभ्यात प्रथम मळविला बुसीने. नळदुर्गच्या किल्ल्यात १८५३ मध्ये नव्या अंमलाचा अधिकारी म्हणून आला तो फिलिप मेडोज टेलर. ठगांवरील कादंबरीमुळे तो इंग्रजी वाचकांस परिचित आहे. येथे मात्र त्याने जमिनीची पाहणी, रस्ते आणि महसूल यांत चार वर्षे काढली. त्याच्या आत्मवृत्तात नळदुर्ग मोठ्या आपुलकीने येते. परंतु त्या मुलुखाचा जो वसूल त्याच्या कचेरीत जमा होई त्याचा पहिला खर्च कंटिंजंटच्या पगाराचा होता. १८५७ च्या धामधुमीत निजामाने इंग्रजांची बाजू सोडली नाही. तेव्हा १८६० च्या तहाने त्याचे ५० लक्षांचे कर्ज माफ झाले आणि रायचूर दुआबाबरोबर धाराशिव व नळदुर्ग त्याला परत मिळाले. वऱ्हाड इंग्रजांकडेच राहिले, आणि त्याच्या वसुलातून कंटिंजंटचा पगार पुढेही दिला जात राहिला.